गाणं बसवणारा माणूस : रॉबर्ट शॉ

मंद्रसप्तक

मागच्या आठवड्यात एका मित्राबरोबर बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीचं जुनं चित्रण बघत होतो. ३ एप्रिल १९४८चं, अमेरिकेत दूरचित्रवाणीवर थेट दाखवलेलं. समोर वाद्यवृंदाचा संचालक तोस्कानिनी. मित्र वाद्यवाला, त्यामुळे त्याचं लक्ष सगळं व्हायोलिनांकडे. शेवटच्या भागात गायक गायला लागले तसा तो सरसावून बसला. "यांना कुणी बसवलंय? हा म्हातारा काही रोज दोन तास यांच्याबरोबर घसा फोडत बसला नसणार."

नसणारच. ते गायक न्यूयॉर्कच्या 'कॉलेजिएट कोराल'चे, आणि त्यांना बसवणारा होता एकतीस वर्षांचा रॉबर्ट शॉ. पाश्चात्त्य संगीतात ही रीतच आहे. गायकवृंदाचा संचालक आठवडेच्या आठवडे तालमी घेतो, शेवटी वाद्यवृंदाचा संचालक येतो आणि तयार माल ताब्यात घेतो. टाळ्यांच्या वेळी गायकांचे मास्तर विंगेतून येऊन एकदा वाकून जातात. शॉने उमेदीची कितीतरी वर्षं हेच केलं, आणि तरी विसाव्या शतकात अमेरिकेतलं समूहगायन कसं ऐकू यावं हे ज्यांनी ठरवलं त्यांत त्याचं नाव फार वर आहे. त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, मित्राच्या प्रश्नाने मुहूर्त लागला.

जन्म ३० एप्रिल १९१६, कॅलिफोर्नियातल्या रेड ब्लफ या गावी. वडील पाद्री, आई चर्चमध्ये गाणारी, पोरगाही पाद्रीच व्हायचा. संगीताची रीतसर पदवी वगैरे काही नाही. पोमोना कॉलेजात असताना मुलांच्या गायकवृंदाची धुरा त्याच्याकडे आली. १९३७ साली फ्रेड वॉरिंग हा रेडिओवरचा तुफान लोकप्रिय बँडवाला एका चित्रपटाच्या शूटिंगसाठी तिथे आला, पोरांचं गाणं ऐकलं आणि शॉला न्यूयॉर्कला ये म्हणाला. १९३८ला शॉ गेला. म्हणजे लक्षात घ्या, सुरुवात बाख-ब्राम्सपासून नाही. रेडिओवरच्या हलक्याफुलक्या गाण्यांसाठी पुरुषांचा एक गायकवृंद उभा करायची नोकरी. पण वॉरिंगचा एक आग्रह त्याने जन्मभर उचलला : शब्दातला प्रत्येक ध्वनी, अगदी न, म, लसुद्धा, सुरातच निघाला पाहिजे.

१९४१मध्ये कॉलेजिएट कोराल स्थापन झाला. सगळे हौशी. निवड आवाज बघून, कातडीचा रंग किंवा धर्म बघून नाही. ज्या चर्चच्या आश्रयाने काम सुरू झालं तिथल्या कारभाऱ्यांना ही सरमिसळ पटेना, तेव्हा मंडळी उठून दुसरीकडे गेली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेल्यानंतर याच वृंदासाठी शॉने संगीतकार पॉल हिंडेमिथकडून व्हिटमनच्या कवितेवरची एक दीर्घ रचना करवून घेतली. ती १९४६ साली पहिल्यांदा गायली गेली.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. तोस्कानिनी आपल्या सिंफनीसाठी ज्याच्या गायकांना बोलावतो असा माणूस, वय तिशीच्या आसपास, आणि त्याला मनातून पक्कं ठाऊक की आपला पाया कच्चा आहे. बाखची मोठी रचना उघडली की पानं डोळ्यांपुढे नुसती नाचतात. तेव्हा हा बाबा बर्लिनहून आलेल्या ज्यूलियस हरफर्ड नावाच्या शिक्षकापुढे विद्यार्थी होऊन बसला. स्वरलिपीचं पान न् पान, मात्रा न् मात्रा उलगडायला शिकला. १९४८मध्ये त्याने स्वतःचा व्यावसायिक 'रॉबर्ट शॉ कोराल' काढला, बसमधून अमेरिका पालथी घातली, ध्वनिमुद्रिका गाजल्या, आणि ऐन भरात, १९५६ला, क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदात संचालक जॉर्ज सेलच्या हाताखाली सहायक म्हणून गेला. कारण वाद्यवृंद चालवणं शिकायचं राहिलं होतं! सेल हे किती कडक प्रकरण होतं ते वाद्यवाल्यांना विचारा. शॉ तिथे अकरा वर्षं राहिला.

१९६७ ते १९८८ अटलांटा सिंफनी या वाद्यवृंदाचा संचालक. त्यानंतर १९९०पासून कार्नेगी हॉलमध्ये देशभरातल्या गायकवृंद-संचालकांच्या कार्यशाळा. २५ जानेवारी १९९९ला गेला.

तालमीत तो नेमकं काय करायचा त्यावर लिहायचंय, पण आधीच लांबलंय. प्रतिसादांत बोलू.

---

नुसता_श्रोता

छान लिहिलंय. नाव पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

खडूस_काका

लेख वाचला. मूळ प्रश्न तसाच राहिला. गाणारे स्वरलिपी वाचू शकतात, पियानोवर सूर मिळतो, ताल मोजता येतो. मग समोर उभा राहून हवेत हात फिरवणारा इसम हवाच कशाला? आमच्याकडे दहा-दहा गायक मागे बसून साथ करतात, त्यांना कोणी काठी दाखवत नाही. मला तर हा सगळा प्रकार युरोपातल्या दरबारी थाटाचा उरलेला अवशेष वाटतो.

---

आल्टो_तिसरी_रांग

काका, हात फिरवणं हा त्या कामाचा दहावा हिस्सासुद्धा नाही हो. मी अमेरिकेत एका हौशी गायकवृंदात बरीच वर्षं गातेय (नाव सांगत नाही, आमच्यातलं कोणी इथे वाचत असेल तर पंचाईत). उदाहरणच देते.

ब्राम्सच्या जर्मन रेक्विएममध्ये (मृतांसाठीची प्रार्थना) गायकांचा पहिला शब्द 'झेलिश', अर्थ धन्य. एकदम हळू आवाजात, आधी वाद्यं थोडी वाजतात आणि मग शंभर माणसांनी तो शब्द अलगद ठेवायचा. आता सांगा, समेवर काय यायला हवं? 'झ' की 'ए'? सवयीने गायलं तर 'झ' समेवर येतो आणि स्वर मागाहून, म्हणजे सगळा गायकवृंद वाद्यांच्या किंचित मागे. नियम असा की व्यंजन समेच्या आधी उरकायचं, स्वर बरोब्बर समेवर. पण आधी म्हणजे किती आधी? प्रत्येकाने आपल्या अंदाजाने 'झ' काढला तर गांधीलमाश्यांचं पोळं उठल्यासारखं वाटतं. तो अंदाज शंभर जणांत एक करणं हे संचालकाचं काम, आणि ते कार्यक्रमात होत नाही, मंगळवारी रात्री खुर्च्यांवर बसून दहा वेळा तेच करून होतं.

मराठीत करून बघा. 'स्वर' हा शब्द चार जणांनी एका ठोक्यावर गायचा. ठोक्यावर स् येतो, व् येतो, की अ?

---

खडूस_काका

करून पाहिलं. सौभाग्यवती आणि मी, दोघेच. तरी जमलं नाही. मुद्दा मान्य, अंशतः.

---

मंद्रसप्तक

काकांनी अंशतः मान्य केलं, धागा सुफळ संपूर्ण. :)

आल्टोताई, याच्याच जोडीला शॉची मोजून गाण्याची पद्धत येते. तालीम सुरू झाली की शब्द बाजूला. सूर आपापले, पण शब्दांऐवजी आकडे : 'वन अँड टू अँड टी अँड फोर अँड'. 'थ्री' नाही, 'टी'. कारण 'थ्र' तोंडातून बाहेर पडेपर्यंत मात्रा पुढे निघून गेलेली असते. आणि हे सगळं दबक्या आवाजात.

याने होतं काय? लांब सूर असला की हौशी गायक तो नुसता धरून ठेवतो, आत काही चालू नसतं. सूर कधी सोडायचा हे शेजाऱ्याकडे बघून ठरवतो. आकड्यांनी गाताना त्या चार मात्रांच्या सुरात आठ ठोके सतत धडधडत असतात, त्यामुळे सुटायचं ठिकाण सगळ्यांना एकच ठाऊक. चुकणारा लगेच उघडा पडतो, कारण बाकी सगळे 'टू' म्हणत असताना हा एकटाच 'टी' म्हणतो. शिवाय घसा शाबूत राहतो. दोन तास पूर्ण ताकदीने गाऊन घेणाऱ्या मास्तरांचे गायक कार्यक्रमाच्या दिवशी खोकत असतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

शब्द अगदी शेवटी. आधी ताल, मग सूर, मग आवाज कुठे लहान कुठे मोठा ते, मग उच्चार. म्हणजे इमारत उलटी : श्रोत्याला जे सगळ्यात आधी कळतं ते तालमीत सगळ्यात उशिरा.

---

आल्टो_तिसरी_रांग

+१. आमच्या संचालिकाबाई तरुणपणी शॉच्या कार्यशाळेत गायल्या होत्या, त्या अजून आम्हाला 'टी' करायला लावतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं, ही काय बालवाडी आहे का. गाणं कधी सुरू होणार? पण एका तालमीत आकडे थांबवून अचानक शब्द आणले, आणि अक्षरशः काटा आला. सगळं आधीच जागेवर होतं, फक्त दिवा लावायचा राहिला होता.

---

कोमल_रिषभ

मी ख्याल गाते, या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही, पण एक शंका. हे सगळं ताल आणि उच्चाराबद्दल झालं. सुराचं काय? शंभर माणसं म्हणजे शंभर सा. पियानोचे सूर आमच्या कानाला तसेही जरा आडवेच लागतात. तो सूर कसा मिळवून घ्यायचा?

---

मंद्रसप्तक

हा प्रश्न यायचीच वाट बघत होतो. त्याचा एक व्यायाम प्रसिद्ध आहे, आणि तुम्हाला तर आवडेलच. सगळ्यांनी एक सूर हलक्या आवाजात गायचा. मग संथ सोळा मात्रांत तिथून फक्त अर्धा स्वर वर जायचं. म्हणजे आपल्या भाषेत षड्जावरून कोमल रिषभावर, पण सोळा सारख्या पावलांत! पहिल्या दोनचार मात्रांतच अर्धे लोक निम्मा रस्ता पार करून बसतात. मग परत. सतराव्यांदा केव्हातरी तो सूर एखाद्या जड पडद्यासारखा सगळा मिळून सरकतो.

यातून माणूस स्वतःचं गाणं सोडून शेजाऱ्याचं ऐकायला लागतो. सूर लागणं ही त्याच्या लेखी आधी कानाची गोष्ट होती.

---

कोमल_रिषभ

सोळा!! आम्ही बावीस श्रुतींवरून आयुष्यभर भांडतो आणि हा माणूस एका कोमल रिषभापर्यंत सोळा पायऱ्या चढवतो. आज रियाजात करून बघितलं. आठव्या पायरीला तंबोऱ्याशी असा काही झगडा होतो की घाबरून पुढे पळावंसं वाटतं. मींडेत आपण तिथून जातोच की, पण थांबत कुठे असतो.

एक मात्र बोलते. आमच्या संगीतात समूहाला मर्यादा आहे ती इथेच. गळ्याची हरकत, कण, गमक ही ज्याची त्याची. दहा जणांची हरकत एकसारखी करायला गेलं तर ती हरकत राहत नाही, कवायत होते.

---

टाळकरी

ताई, मर्यादा ख्यालाला आहे, 'आमच्या संगीताला' म्हणू नका. वारीत एकदा चालून बघा. मध्ये विणेकरी, पखवाज, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, आणि शंभर गळे एका अभंगात. कुणाच्या हातात कागद नसतो.

आणि काठीवाला माणूस आमच्यातही असतो बरं का काका! माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्यांचे टाळ वाजत असतात. चोपदार दंड वर करतात आणि क्षणात सगळं शांत. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तेवढेच टाळ वाजत राहतात, म्हणजे सगळ्यांना कळतं. यापेक्षा मोठा वृंद आणि यापेक्षा लहान इशारा मला तरी माहीत नाही.

---

आल्टो_तिसरी_रांग

टाळकरीदादा, प्रतिसाद फार आवडला. तक्रार असली की तेवढेच टाळ वाजत ठेवायचे, हे आमच्या वृंदात आणायला हवं.

फक्त एक, एकदम थांबणं त्या मानाने सोपं असतं. अवघड काय, तर शांततेतून हळू आवाजात सगळ्यांनी एकदम उगवणं. तिथे हाताच्या इशाऱ्याआधीचा इशारा लागतो, संचालकाचा श्वास. तो ज्या गतीने आणि जितका खोल श्वास घेतो तसाच आपण नकळत घेतो, आणि आपला पहिला सूर त्या श्वासात ठरलेला असतो. खांदे वर करून घाबरट श्वास घेणारा संचालक असला तर पहिला सूर चिरकणारच.

---

टाळकरी

हे पटलं. आमच्याकडे आधी पखवाज बोलतो, मग आम्ही. आम्हाला उगवायची चिंता नाही.

---

खडूस_काका

अवांतर : धाग्याचा विषय एका माणसाची कारकीर्द असा होता. श्वास आणि टाळ यांत ती हरवली आहे. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. एक, या धंद्यात पोट कसं भरतं? दोन, अटलांटाबद्दल लेखकाने एका ओळीत गुंडाळलं, एकवीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

---

मंद्रसप्तक

काका, दोन्ही रास्त.

पोट भरण्याचं : गायकवृंदाचा पूर्णवेळ संचालक म्हणून जगणारे लोक जगात मूठभर. बाकीचे शाळा-कॉलेजात शिकवतात, रविवारी चर्चचा वृंद सांभाळतात, आठवड्यातली एक संध्याकाळ हौशी मंडळींना देतात. तीन टोप्या, एक डोकं. म्हणून या क्षेत्रात 'संचालक आणि शिक्षक' असं जोडूनच म्हणतात. शॉसुद्धा न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतविद्यालयात, टँगलवूडच्या उन्हाळी शिबिरांत शिकवायचा. जुलियार्डमधली त्याची विद्यार्थिनी अॅलिस पार्कर. तिने आणि त्याने मिळून लोकगीतांची, भक्तिगीतांची, नाताळच्या गाण्यांची जी समूहगायनासाठी मांडणी केली ती अमेरिकेतले वृंद आजही गातात. २०२३च्या नाताळच्या आदल्या दिवशी ती गेली, अठ्ठ्याण्णव वर्षांची होती.

आता अटलांटा. १९६७ साल, अमेरिकेचा दक्षिण भाग, वर्णभेदाचे कायदे नुकतेच उठलेले. तिथे हा माणूस टी. जे. अँडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराला वाद्यवृंदाचा निवासी संगीतकार म्हणून आणतो. कार्यक्रमांत नवं, कानाला खडबडीत संगीत सारखं घालतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कारभारी मंडळाने त्याला जायला सांगितलं होतं. तेव्हा गावातल्या श्रोत्यांनी पुढच्या हंगामाची तिकिटं आगाऊ घेऊन त्याला राखला. पदरचे पैसे टाकून मास्तर राखल्याची उदाहरणं तुम्हाला किती माहीत आहेत?

आणि १९७०मध्ये त्याने तिथे जो मोठा गायकवृंद उभा केला तो बिनपगारी! डॉक्टर, शिक्षक, गृहिणी, सगळे आवाजाची चाचणी देऊन आलेले आणि दर वर्षी पुन्हा चाचणी. हाताशी व्यावसायिक वाद्यवृंद असताना गायक मात्र हौशी, हे त्याने सक्तीने नाही, आवडीने केलं.

---

आल्टो_तिसरी_रांग

त्याची पत्रं राहिली! तालमीनंतर तो गायकांना पत्रं पाठवायचा, मायना 'प्रिय मंडळी' अशा थाटाचा. आमच्या बाईंकडे काहींच्या प्रती आहेत. अमुक पानावर टेनरांनी (पुरुषांतले उंच आवाज) काय दिवे लावले इथपासून आपण हे कशासाठी गातो इथपर्यंत, सगळं एकाच पत्रात. विनोदी, चिडका, मधेच एकदम पाद्रीबुवा. वडिलांचा धंदा सुटला नाही तो नाहीच.

---

नुसता_श्रोता

ऐकायला सुरुवात कुठून करू? घरात आवाज करून ऐकता येईल असं सांगा, पावणेदोन तासांचं नको.

---

मंद्रसप्तक

शॉ कोरालच्या जुन्या लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिकांपासून. तीन-तीन मिनिटांची गाणी. शब्द कळले नाहीत तरी चालेल, व्यंजनं ऐका. मग ब्राम्स रेक्विएमचा पहिला भाग, अटलांटाचा. आणि मग धीर करून बाखचा बी मायनर मास. १९६२च्या शरद ऋतूत शॉ कोराल हाच मास घेऊन सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर होता, आणि नेमकं तेव्हाच क्यूबाचं क्षेपणास्त्र प्रकरण पेटलं. दोन्ही देश एकमेकांवर अणुबॉम्ब टाकायच्या बेतात, आणि हे अमेरिकन लोक नास्तिक राजवटीत ख्रिस्ती प्रार्थना गातायत, समोर सभागृह गच्च.

---

कोमल_रिषभ

ऐकलं तिन्ही. खरं सांगू? अटलांटाचं ब्राम्स मला जरा जास्तच इस्त्री केलेलं वाटलं. सगळं चोख, कुठे सुरकुती नाही. जुनी लोकगीतं मात्र फार गोड. वाईट वाटून घेऊ नका.

---

मंद्रसप्तक

अजिबात नाही. ही तक्रार बरेच जाणकार करतात, विशेषतः उत्तरकाळातल्या मुद्रणांबद्दल. मोजून मोजून गाणं नीट होतं, पण कधीकधी ते मोजणं ऐकूही येतं. माझं मत असं की १९५०च्या दशकातला शॉ ज्याला ऐकायला मिळाला त्याने पुढचा शॉ आदराने ऐकावा, प्रेमाने आधीचा.

---

शाळेतली_पेटी

पहिल्या दिवसापासून वाचतेय, लॉगिन आज केलं. मी शाळेत संगीत शिकवते, समूहगीतांच्या स्पर्धांना मुलं बसवते. थोडं आपल्या बाजूचं.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. सलील चौधरींनी १९५८ साली मुंबईत बॉम्बे यूथ कॉयर काढला, त्याच वर्षी कोलकात्यात रुमा गुहाठाकुरता यांनी कॅलकटा यूथ कॉयर. मद्रासला एम. बी. श्रीनिवासन यांनी हेच काम केलं. ही सगळी गाण्यातली मंडळी होती, बहुतेक डाव्या सांस्कृतिक चळवळीतून आलेली. पण या मंडळींनी वृंद घडवले तसे वृंद घडवणारे शिक्षक घडवायची सोय आपल्याकडे उभी राहिली नाही. मला पदविकेत राग शिकवले, ताल शिकवले. चाळीस मुलांसमोर उभं राहून काय करायचं ते कुणी शिकवलं नाही.

पहिली अडचण पट्टीची. मुलींना काळी चार बरी, आवाज फुटलेल्या मुलांना काळी एक. एकत्र बसवलं की मधली कुठली तरी पट्टी घ्यायची, जी कुणालाच सोयीची नाही. मुली खाली गुणगुणतात, मुलं वर किंचाळतात. वर्षानुवर्षं हेच. सोप्रानो-आल्टो-टेनर-बास (बायकांचे उंच-खालचे, पुरुषांचे उंच-खालचे आवाज) ही चार घरं करण्यामागे सौंदर्य असेलच, पण ज्याला जिथे झेपतं तिथे त्याला बसवा हा साधा व्यवहारही आहे, हे मला फार उशिरा कळलं.

---

टाळकरी

बाई, आमच्याकडे पहिल्यांदा जो सूर लावेल तो खरा. बाकीच्यांनी आपलं बघून घ्यायचं.

---

शाळेतली_पेटी

दादा, म्हणूनच शेवटी सगळे ओरडत असतात ना!

असो. मी ते मोजून गाणं या आठवड्यात आठवीच्या मुलांवर करून बघितलं. वृत्तान्त देते. इंग्रजी आकडे नको म्हटलं, मराठीत करू. 'एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि.' पहिल्या ओळीतच बोजवारा. 'आणि'त दोन अक्षरं, मुलं त्याचाच ताल धरायला लागली. मग नुसतं 'नि' केलं. 'एक नि दोन नि तीन नि चार नि.'

जरा बरं. पण 'एक'चा 'क' सूर कापून टाकतो. चाळीस 'क' एकदम पडले की फटाक्याच्या लडीसारखं वाटतं, आणि दोघं-तिघं नेहमी उशिरा. 'दोन' आणि 'तीन' मस्त, कारण न गाता येतो (वॉरिंगसाहेबांचं म्हणणं पटलं). 'चार'चा र काही मुलं उगाच घोळवतात.

---

आल्टो_तिसरी_रांग

अगदी हेच. 'थ्री'चं 'टी' झालं तेही आडव्या येणाऱ्या व्यंजनामुळेच. शेवटचं व्यंजन काढून टाका सरळ.

---

शाळेतली_पेटी

तेच केलं काल. 'ए नि दो नि ती नि चा नि.' पहिली पाच मिनिटं नुसतं हसणं. मागच्या बाकावरून एकाने 'चा नि बिस्कीट' जोडलं, ते आवरण्यात पाच मिनिटं गेली. पण त्यानंतर एक लांब सूर होता, सहा मात्रांचा, जो वर्षभर कधीच एकत्र सुटला नव्हता. तो सुटला. मी पेटीवरून हात काढून घेतला होता, मला वाटलं आपल्यालाच भास झाला. परत म्हणायला लावलं. परत सुटला.

आवाज मोठा करू दिला नाही, तर दोन मुलांनी तक्रार केली की बाई, आज गायल्यासारखं वाटलंच नाही.

---

मंद्रसप्तक

बाई, आज माझा दिवस चांगला गेला. हा प्रतिसाद मित्राला पाठवतोय.

---

खडूस_काका

एक व्यावहारिक शंका. झपताल असेल तर? दहापर्यंत मोजणार का? 'पाच'चा 'च' काढला तर 'पा' राहतो, 'सहा'त दोन अक्षरं, 'सात'चं 'सा' केलं तर मुलं सूर लावायला लागतील.

---

शाळेतली_पेटी

काका, झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन. म्हणजे 'ए नि दो नि, ए नि दो नि ती नि', आणि परत तेच. तीनच्या पुढे जायलाच लागत नाही. सोमवारी बघते करून.

---

खडूस_काका

कळवा.